संगणक-कामगार नोकरी का सोडतो?

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जत आणि खालापूर हे तालुके शंभराहून अधिक वर्षे मुंबईला वीज, दूध, भाजीपाला आणि माणसे पुरवीत आले आहेत. या माणसांत आता एका नव्या कामगाराची भर पडली आहे. पहाटेच्या कर्जत आणि खोपोली लोकलमध्ये पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवून तो चढतो, ठाण्याला गाडी बदलतो आणि ऐरोली, घणसोली किंवा महापे येथील काचेच्या इमारतींत दिवसभर संगणकासमोर बसतो. खोपोलीकडचा त्याचा भाऊबंद घाट चढून हिंजवडीस जातो. या दोन तालुक्यांत सॉफ्टवेअरची मोठी वसाहत नाही. परंतु सॉफ्टवेअरचे काम करणारी मुले-मुली घरोघरी आहेत. शेताचा तुकडा विकून किंवा बँकेचे कर्ज काढून त्यांना अभियंता केलेले आईबापही आहेत.

या तरुणाविषयी एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. तो एका ठिकाणी टिकत नाही. दोन वर्षे झाली की राजीनामा देतो, चार पैसे अधिक मिळाले की दुसऱ्या कंपनीत जातो. बाप एका कारखान्यात तीस वर्षे राहिला आणि मुलाने दहा वर्षांत चार मालक केले, असे वडीलधारी मंडळीही खेदाने बोलतात. कंपन्यांचे अधिकारी याला निष्ठेचा अभाव म्हणतात. डाव्या चळवळीतील काही कार्यकर्त्यांनाही हा पांढरपेशा तरुण केवळ पैशामागे धावणारा वाटतो आणि त्याचा प्रश्न कामगारांचा प्रश्न वाटत नाही. ही समजूत चुकीची आहे. नोकरी सोडणे हा या तरुणाचा स्वभावदोष नसून त्याच्या उद्योगाने घडवलेली परिस्थिती आहे. आणि त्या परिस्थितीचा लाभ ज्यांना होतो, तेच तिच्याविषयी सर्वांत मोठ्याने तक्रार करतात.

आकडे काय सांगतात?

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या कर्मचारी-गळतीचे प्रमाण नियमितपणे प्रसिद्ध करतात. मागील बारा महिन्यांत स्वेच्छेने सोडून गेलेल्यांचे एकूण कर्मचाऱ्यांशी असलेले हे प्रमाण होय. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीत ते सप्टेंबर २०२२ अखेर २१.५ टक्के होते. इन्फोसिसमध्ये जून २०२२ अखेर ते २८.४ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे दर शंभरांतले एकवीस ते अठ्ठावीस लोक एका वर्षात बाहेर पडले. पुढे काय घडले? मार्च २०२४ अखेर टाटा कन्सल्टन्सीतील प्रमाण १२.५ टक्क्यांवर उतरले.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, लाखो तरुणांचा स्वभाव दीड वर्षात बदलत नसतो. निष्ठा २०२२ साली आटली आणि २०२४ साली तिला पुन्हा पाझर फुटला, असे कोणी म्हणणार नाही. बदलला तो बाजार. करोनाच्या साथीनंतर पाश्चात्त्य देशांतून कामाचा ओघ वाढला, तेव्हा दारे उघडली आणि माणसे बाहेर पडली. तो ओघ मंदावला, दारे मिटली आणि माणसे थांबली. जे थांबले ते समाधानाने थांबले असे मानण्याचे कारण नाही. शिवाय 'स्वेच्छेने' या शब्दापाशीही क्षणभर थांबले पाहिजे. समोर बसवून मागून घेतलेला राजीनामा कागदावर स्वेच्छेचाच दिसतो.

जुनाच आरोप

कामगार टिकत नाही हा आरोप महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या कामगाराविषयी गिरणीमालक अगदी हेच म्हणत असत. हा अर्धा शेतकरी आहे, त्याचे मन गावात आहे, पेरणी आली की तो पळतो, असा त्यांचा युक्तिवाद असे. वस्तुस्थिती काय होती, हे १९२९ ते १९३१ या काळात काम करणाऱ्या शाही कामगार आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने नोंदवून ठेवले आहे. भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हाती होती. नव्या भरतीवर त्याला दस्तुरी मिळत असल्यामुळे माणसे बदलत राहण्यात त्याचा स्वार्थ होता. दारात रोज बदली कामगारांची गर्दी असली की आतल्या कामगाराला वचकात ठेवणे सोपे जाई. १९३५ साली मालकसंघाने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली आणि पुढील काळात कामगार संघटनांनी सेवाशर्तींना नियमांचे स्वरूप द्यावयास लावले. तोच 'अर्धा शेतकरी' मग एकाच गिरणीत आयुष्य काढू लागला. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच दाखविले की, अस्थैर्याचे मूळ कामगाराच्या गावाकडील ओढीत नव्हते, मालकांच्या धोरणात होते. नव्वद वर्षांनंतर फक्त जॉबरची जागा भरती-संस्थेच्या संकेतस्थळाने घेतली आहे.

शिडी कशी होती?

या दोन तालुक्यांना याच्या उलट अनुभवही आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ साली. पुढे १९६० साली रसायनीची हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स आणि १९६२ साली खोपोलीची महिंद्र युजिन स्टील स्थापन झाली. अशा उद्योगांत मदतनीस म्हणून लागलेला माणूस ऑपरेटर होई, ऑपरेटरचा चार्जमन आणि एखादा फोरमनही होई. वरची जागा रिकामी झाली की आधी आतल्या माणसाचा विचार होई. वेतनश्रेणी छापील असे, सेवाज्येष्ठतेची यादी फलकावर लागे आणि यादीत अन्याय झाला तर संघटनेचा पदाधिकारी व्यवस्थापकाच्या टेबलावर जाऊन जाब विचारी.

अर्थशास्त्रात याला उद्योगसंस्थेचा अंतर्गत श्रमबाजार म्हणतात. डोरिंगर आणि पिओरे या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७१ साली त्याची मांडणी केली. तिचे सार सोपे आहे. काही ज्ञान कामाच्या जागीच मिळते. खोपोलीच्या टर्बाइनचा आवाज बिघडला आहे हे कोणत्याही महाविद्यालयात शिकवीत नाहीत. ते जुना ऑपरेटर नव्याला शिकवितो. परंतु आपण शिकविलेला माणूस उद्या आपल्याच डोक्यावर बसणार नाही, अशी खात्री असेल तरच जुना मनापासून शिकवील. ती खात्री बढतीचे नियम देतात. बोर घाट चढण्यापूर्वी कर्जत स्थानकात गाडीला मागून बँकर इंजिने जोडतात, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. चढ एकट्याच्या बळावर चढता येत नाही. मागून रेटा लागतो. नोकरीतील बढतीचा नियम हा असाच रेटा होता.

विशेष म्हणजे भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचा जन्मही अशाच शिडीवर झाला. फकीरचंद कोहली हे १९५१ साली टाटा वीज कंपन्यांत रुजू झाले. खोपोली-भिवपुरीच्या केंद्रांची वीज वाहून नेणाऱ्या त्याच प्रणालीच्या नियंत्रणासाठी त्यांनी साठच्या दशकात संगणक वापरात आणला, आणि १९६९ साली ते नव्याने निघालेल्या टाटा कन्सल्टन्सीत गेले. तेथे १९७२ साली कनिष्ठ पदावर लागलेले रामदोराई १९९६ साली प्रमुख झाले. १९८७ साली आलेले चंद्रशेखरन २००९ साली त्या जागी बसले आणि १९८९ साली आलेले कृतिवासन २०२३ साली. तेव्हा सॉफ्टवेअरच्या धंद्यात शिडी टिकूच शकत नाही, हे म्हणणे खरे नाही. ती टिकली, परंतु अगदी थोड्यांसाठी.

गळतीचा हिशेब

बाकीच्यांसाठी ती का मोडली? या उद्योगाचा मोठा भाग परदेशी ग्राहकाला माणसांचे तास विकून चालतो. तासाचा दर ग्राहकाशी ठरलेला असतो; नफा वाढवावयाचा तर तासामागचा वेतनखर्च खाली ठेवावा लागतो. म्हणून तळाशी नवखे पुष्कळ, मध्ये अनुभवी थोडे आणि वर मूठभर, असा मनोरा रचला जातो. मनोऱ्यात तळाचा प्रत्येक जण वर जाऊ शकत नाही. माणसे वेळच्या वेळी गळाली नाहीत, तर मनोऱ्याचा खांब होईल आणि खर्च वाढेल. गळती ही या रचनेची गरज आहे.

तळाशी वेतन किती? मोठ्या कंपन्यांत नवख्या अभियंत्याला २०१२ च्या सुमारास वर्षाला तीन ते सव्वातीन लाख रुपये मिळत. २०२४ मध्येही सर्वसाधारण भरतीचा आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच होता. या काळात ग्राहक किंमत निर्देशांक १०० वरून १९० च्या पुढे गेला. म्हणजे रुपयांत थोडी वाढ दिसली, तरी खरेदीशक्तीच्या भाषेत हे वेतन सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. त्याच काळात अभियांत्रिकीचे शुल्क मात्र चढतच राहिले.

आता उदाहरणादाखल एक साधा हिशेब करून पाहावा. साडेतीन लाखांवर लागलेल्या दोघांपैकी पहिली पाच वर्षे तेथेच राहिली आणि तिला दरवर्षी ८ टक्के वाढ मिळाली. पाच वर्षांनी तिचे वेतन ५ लाख १४ हजार होते. दुसऱ्याने दोनदा कंपनी बदलली, प्रत्येक वेळी ३५ टक्के वाढ मागून घेतली आणि उरलेल्या तीन वर्षी त्यालाही ८ टक्केच मिळाले. त्याचे वेतन ८ लाखांच्या वर गेले. दोघांचे शिक्षण तेच, अनुभव तोच. उद्या पहिलीच्या शेजारची जागा रिकामी झाली की कंपनी त्या दुसऱ्याला आठ लाखांवर आणील, आणि त्याला काम समजावून देण्याची जबाबदारी पाच लाखांवाल्या पहिलीवरच टाकील. निष्ठेचे बक्षीस हे असे असते. अशा ठिकाणी मुले नोकरी का सोडतात, यापेक्षा जी राहतात ती का राहतात, हेच विचारावयास हवे.

कंपन्यांना हे कळत नाही असे नाही. त्यांचा हिशेब वेगळा आहे. शंभर जणांच्या विभागातील वीस जण गेले आणि त्यांच्या जागी प्रत्येकी दोन लाख अधिक देऊन वीस नवे घेतले, तर जादा खर्च चाळीस लाख. उलट कोणीच जाऊ नये म्हणून शंभरांनाही दोन लाख वाढवून द्यावयाचे म्हटले, तर खर्च दोन कोटी. गळतीमुळे भरतीचा आणि शिकविण्याचा खर्च वाढतो हे मान्य केले, तरी या दोन आकड्यांतील अंतर भरून निघणे कठीण. म्हणून वार्षिक सभेत गळतीबद्दल चिंता व्यक्त करावयाची आणि वेतनाच्या फाइलीवर मात्र तीच गळती गृहीत धरावयाची, असा हा दुटप्पी व्यवहार आहे.

शिक्षणाच्या खर्चाचेही असेच आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ साली म्हटले होते की, जे कौशल्य कामगाराला दुसरीकडे नेता येते, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक उचलणार नाही. म्हणून तो खर्च कर्जत-खालापूरच्या आईबापांवर पडतो. आणि मालकाने काही महिन्यांचे प्रशिक्षण दिलेच, तर त्यासाठी बंधपत्र लिहून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी विजया बँकेच्या एका प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरविली. ते प्रकरण सार्वजनिक बँकेचे आणि तिच्या खर्चिक भरतीप्रक्रियेचे होते. तरी खासगी मालक त्या निकालाचा आधार घेऊ पाहणार, हे ओळखून राहावे. राजीनाम्यानंतर नव्वद दिवस थांबण्याची अटही या धंद्यात सर्रास आढळते. जाणाऱ्याचे पाय बांधावयाचे आणि राहणाऱ्याचे वेतन गोठवावयाचे, हे एकाच धोरणाचे दोन हात आहेत.

बाहेर पडणे कोणाला परवडते?

आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली एक मार्मिक विवेचन केले. संस्था बिघडली की तिच्यातील माणसापुढे दोन मार्ग असतात, बाहेर पडणे किंवा आत राहून आवाज उठविणे. सॉफ्टवेअर उद्योगाने आवाजाचा मार्ग जवळजवळ बंद ठेवला आहे. वेतन गुप्त, मूल्यमापनाचे निकष साहेबाच्या मर्जीवर, आणि संघटनेचे नाव काढले तर भविष्याची भीती. तेव्हा राजीनामा हाच एकमेव निषेध उरतो. परंतु हा निषेध एकेकट्याचा असतो. मागे राहिलेल्यांच्या परिस्थितीत त्याने काडीचाही फरक पडत नाही.

शिवाय तो सर्वांना परवडत नाही. कर्जतपासून मुंबईचे टोक शंभर किलोमीटर आहे. रोजचे चार-पाच तास गाडीतच जातात. घरी म्हातारे आईबाप आहेत, भाताची चार गुंठे जमीन आहे, लहान मूल आहे, अशा माणसाला बंगळूरची जादा पगाराची नोकरी कागदावरच राहते. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक तीव्र आहे. बाळंतपणानंतर ज्या मुली नोकरी सोडतात, त्यांच्या राजीनाम्याचीही गणना गळतीतच होते. तरुण पुरुष वरच्या पगारासाठी गेला आणि तरुण आई पाळणाघराअभावी घरी बसली, या दोन गोष्टी आकड्यांत सारख्या दिसतात. जीवनात त्या परस्परविरुद्ध आहेत.

आणि आता तर बाहेरचे दारही अरुंद झाले आहे. जून २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असण्याची आणि ३५ दिवसांहून अधिक बिनकामाचे न राहण्याची अट घातली. कामाचे वाटप कंपनी करणार आणि काम नसल्याचा दोष कर्मचाऱ्याच्या पदरी पडणार, असा याचा अर्थ. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतील लोक प्रामुख्याने होते. म्हणजे ज्यांनी शिडीच्या आठ-दहा पायऱ्या चढल्या, त्यांच्याच पायाखालची पायरी काढली गेली. थांबलेल्यांना जर हे फळ, तर नव्यांना निष्ठेचा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा?

कायदा कोठे आहे?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता अमलात आल्या. कार्यकर्त्यांनी त्यांतील तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, 'कामगार' या व्याख्येत तांत्रिक काम करणारा येतो. प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणारा माणूस, त्याच्या पदाला कोणतेही भारदस्त नाव दिले असले तरी, कामगारच आहे असा दावा करता येतो. दुसरी, कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन कारखाने, खाणी आणि मळे यांनाच आहे. सॉफ्टवेअर कंपन्या त्यातून मोकळ्या आहेत. परंतु भरपाई, पूर्वसूचना आणि शेवटी आलेला आधी जाईल हे तत्त्व कामगारांना लागू आहे. नेमके हेच चुकविण्यासाठी कपातीऐवजी राजीनामा मागितला जातो. तिसरी, उपदान. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला ते आता एका वर्षानंतर मिळते; कायम कर्मचाऱ्याला मात्र पाच वर्षांची अट कायम आहे. दर दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलणारा तरुण पंधरा वर्षे राबूनही उपदानाचा एक पैसा घेऊन बाहेर पडत नाही. हा पैसा कोठे राहतो, हे सांगण्याची गरज नाही.

जुन्या शिडीचा दोष

जुन्या कारखान्यांचे गुणगान करून मात्र भागणार नाही. त्या शिडीची खालची पायरी कारखान्याच्या फाटकाच्या आत होती. फाटकाबाहेरचा कंत्राटी कामगार, वाडीवरचा ठाकर आणि कातकरी, घरातली स्त्री यांना तिला हात लावता आला नाही. कायम कामगारांच्या संघटनांनी अनेक ठिकाणी याकडे डोळेझाक केली आणि त्याची किंमत पुढे स्वतःच मोजली. मालकाने कायम जागा गोठवल्या आणि काम कंत्राटावर दिले. कारखानाच गेला तर शिडीही जाते, हे रसायनीने पाहिले आहे. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील बहुतेक उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा सेवाज्येष्ठतेची यादी निरुपयोगी ठरली. सॉफ्टवेअरच्या इमारतीतही सफाई करणारी बाई, पहारेकरी आणि बसचालक ठेकेदाराचेच असतात. त्यांना विसरून केलेली अभियंत्यांची संघटना हा केवळ एक क्लब होईल.

दुसरा आक्षेपही विचारात घ्यावा लागेल. संगणकाचे तंत्र वेगाने बदलते. केवळ वर्षे मोजून बढती देणे तेथे चालणार नाही, असे म्हणतात. हे बव्हंशी खरे आहे. पण तंत्र बदलते म्हणून शिकण्याचा भार एकट्या कामगाराने रात्री जागून का सोसावा? बदलाचा लाभ ज्याला होतो, त्याने शिकविण्याचा वेळ कामाच्या तासांत द्यावा.

मागण्या आणि काम

म्हणून मागण्या मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. प्रत्येक श्रेणीचे वेतन आणि बढतीचे निकष लेखी जाहीर करावेत. रिकामी जागा आधी आतील कर्मचाऱ्यांना खुली करावी आणि नाकारल्यास लेखी कारण द्यावे. नव्या भरतीला दिलेले वेतन त्याच कामावरील जुन्या माणसाच्या वेतनाहून अधिक असेल, तर जुन्याचे वेतन तेवढे वाढवावे. प्रशिक्षण कामाच्या वेळेत व्हावे. राजीनाम्याची पूर्वसूचना एक महिन्याहून अधिक नसावी. कायम कर्मचाऱ्याचे उपदानही पहिल्या वर्षापासून मोजावे आणि ते भविष्यनिर्वाह निधीप्रमाणे नव्या नोकरीत बरोबर नेता यावे. ठेकेदाराच्या कामगारांना याच चौकटीत आणावे.

या मागण्या एका आंदोलनात पदरी पडणार नाहीत. पण सुरुवात अवघड नाही. तमिळनाडू सरकारने २०१६ साली स्पष्ट केले की, माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना संघटना करण्यास कायद्याची आडकाठी नाही. पुण्यात आणि बंगळूरमध्ये अशा संघटना काम करीत आहेत. कर्जत, नेरळ, खोपोली येथील कार्यकर्त्यांनी रविवारी दोन तास काढून नेमणूकपत्रे आणि बंधपत्रे वाचून दाखविण्याचे केंद्र चालवावे. मागून घेतलेल्या राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी कोणाला भेटावयाचे, हे प्रत्येक तरुणाला माहीत असावे. एका डब्यातून रोज चार तास एकत्र प्रवास करणाऱ्यांनी आपापले वेतन एकमेकांना मोकळेपणाने सांगावे. वेतनाची गुप्तता मोडली की निम्मी लढाई सुरू होते.

गिरणी कामगाराला अर्धा शेतकरी म्हणून हिणविणाऱ्यांना उत्तर देण्यास चळवळीला कित्येक दशके लागली. संगणक-कामगाराला निष्ठाहीन म्हणून हिणविणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी तेवढा वेळ दवडू नये. नोकरी सोडण्याचा हक्क त्याच्याकडे राहिलाच पाहिजे. परंतु ती न सोडताही पुढे जाता येईल अशी व्यवस्था मिळविणे, हे त्याला एकट्याला साधणार नाही. ते संघटनेचे काम आहे.